लिनिया टी-जेटला कोन इनटेक बसवला, काढला आणि मग रीमॅप केला : मोजून पाहिलेला अनुभव

घाटवेडा (सातारा)

नमस्कार मंडळी.

कोन फिल्टर लावू का, किती पॉवर वाढेल, रीमॅप आधी की इनटेक आधी, हे प्रश्न आपल्याकडे सारखे येतात आणि उत्तरं बहुतेक ऐकीव असतात. (इनटेक म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा फिल्टर आणि नळी; रीमॅप म्हणजे ईसीयूमधली, इंजिनच्या कॉम्प्युटरमधली, फाइल बदलणं.) मी हे सगळं खिशातले पैसे घालून केलंय, काढलंय आणि परत केलंय. प्रत्येक टप्प्यावर मोजमाप घेतलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी २०१२ ची फियाट लिनिया टी-जेट. १३६८ सीसी, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) असलेलं पेट्रोल इंजिन, कागदावर ११४ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) आणि २०७ न्यूटन-मीटर. रांजणगावच्या कारखान्यातली, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याची लेक. सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. सातारा-पुणे आठवड्याला एक फेरी ठरलेली, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी.

तीन वर्षांपूर्वी एक इनटेक किट घेतलं. अॅल्युमिनियमचा पाइप, तेलकट सुती जाळीचा कोन फिल्टर आणि बॅटरीच्या बाजूला एक पत्रा, ज्याला हीट शील्ड म्हणतात. मूळचा फिल्टर बॉक्स निघाला आणि कोन इंजिनशेजारी उघडा बसला. पहिल्याच दिवशी टर्बोची शीळ आणि पाय काढल्यावरचा सुस्कारा केबिनमध्ये ऐकू यायला लागला. खरं सांगतो, अंगावर काटा आला. गाडी पळायला लागलीय असंच वाटलं.

पण मला पळाल्याचा पुरावा हवा होता. किट बसवायच्या आधी मी तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० ला लागणारा वेळ फोनच्या व्हिडिओवरून काढून ठेवला होता. महामार्गावरचा तोच तुकडा, तीच पहाटेची वेळ, टाकी अर्धी, गाडीत मी एकटा. किटआधी पाच वेळांची सरासरी ६.३ सेकंद. किटनंतर ६.४. आवाज दुप्पट आणि वेळ होता तिथेच.

मग तापमान मोजलं. फ्रीजसाठी मिळतो तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर, दीडशे रुपयांचा. त्याचं टोक आधी कोनच्या तोंडाशी बांधलं, नंतर मूळचा बॉक्स परत बसवून त्याच्या नाकाड्यात, म्हणजे हवा घेणाऱ्या तोंडात. बाहेर ३४ अंश. कात्रजच्या गर्दीत वीस मिनिटं रांगत गेल्यावर मूळच्या बॉक्सच्या तोंडाशी ४१ आणि कोनच्या तोंडाशी ६८. गाडी ८० च्या वेगाने धावायला लागली की फरक कमी होतो, ३६ आणि ४२ वर येतो. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर कोन वाईट नाही. पण टोलवरून सुटताना किंवा घाटात ट्रकच्या मागे अडकून मग ओव्हरटेक करताना, जेव्हा ताकद हवी असते नेमकं तेव्हा, इंजिनला बोनेटखालची भाजलेली हवा मिळते. ४१ आणि ६८ अंशांच्या हवेच्या घनतेत साधारण ८ टक्क्यांचा फरक पडतो.

तिसरं मोजमाप माझ्या एका गवंडी मित्रामुळे सुचलं. घरबांधणीत पातळी बघायला पारदर्शक लेव्हल पाइप वापरतात ना, तोच. फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या रबरी नळीला एक बारीक निपल बसवून पाइपचं एक टोक तिथे लावलं, दुसरं टोक केबिनमध्ये उघडं ठेवलं, आणि मधल्या यू आकारात निळीचं पाणी भरलं. इंजिन हवा ओढतं तेव्हा फिल्टरपाशी जितका अडथळा, तितकं पाणी एका बाजूला चढतं. वातावरणाचा दाब म्हणजे जवळपास १० मीटर पाण्याचा स्तंभ, त्यामुळे १० सेंटीमीटरचा फरक म्हणजे सुमारे १ टक्का दाब गेला. हिशेब इतका सोपा आहे.

पूर्ण अॅक्सिलरेटर, ५५०० आरपीएम. मूळचा बॉक्स आणि १८ हजार किलोमीटर चाललेला कागदी फिल्टर : ३१ सेंमी. मूळचाच बॉक्स, नवा कागदी फिल्टर : १९ सेंमी. कोन : ११ सेंमी.

म्हणजे कोनमधून हवा सहज जाते हा विक्रेत्यांचा दावा खरा आहे. पण नव्या कागदी फिल्टरच्या तुलनेत मिळकत ८ सेंमी, एक टक्काही नाही. जुना फिल्टर फेकून नवा टाकला तर १२ सेंमी मिळतात, तेही चारेकशे रुपयांत. आणि कोनने मिळवलेला पाऊण टक्का गर्दीतली गरम हवा दहापटीने परत घेते.

डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, हेच दिसलं. एकाच दिवशी, एकाच मशीनवर, चाकांपाशी मोजलेली हॉर्सपॉवर. मूळचा बॉक्स : ९६.८, ९७.४, ९६.५. कोन, बोनेट उघडं आणि समोर मोठा पंखा : ९८.९. कोन, बोनेट बंद, लागोपाठ तीनदा : ९७.१, ९५.२, ९४.६. डायनोचे आलेख दाखवून कुणी किट विकत असेल तर बोनेट उघडं होतं का बंद, हे नक्की विचारा.

किट काढलं. आता रीमॅपबद्दल.

पहिल्या ट्यूनरने (नाव घेत नाही) पेनड्राइव्हमधली तयार फाइल वीस मिनिटांत टाकून दिली. ना लॉग (चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद), ना प्लग तपासले. डिसेंबरात गाडी भन्नाट वाटली. एप्रिलमध्ये कात्रज चढताना तिसऱ्यात रेस दिली की इंजिनमधून खडे वाजवल्यासारखा आवाज. ओबीडी डोंगल (ईसीयूतले आकडे दाखवणारी छोटी डबी) लावून पाहिलं तर ईसीयू इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, चार ते सहा अंश मागे ओढत होता. इंजिन स्वतःचा जीव वाचवत होतं आणि मी वरून दाबत होतो. त्याच आठवड्यात मूळची फाइल परत टाकून घेतली.

दुसऱ्याने आधी कॉम्प्रेशन तपासलं, प्लग नवे टाकले आणि त्यांचा गॅप जरा कमी केला, इंटरकूलरच्या नळ्यांची गळती बघितली, क्लच चौथ्या गिअरमध्ये घसरतो का ते पाहिलं. मग तीन दिवस थोडं थोडं बदलत, लॉग काढत मॅप केला, त्यातला एक दिवस पाचगणीवर. तिथली उंची सुमारे १,३०० मीटर, हवेचा दाब सातारा-पुण्यापेक्षाही कमी, तोच बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. खाली ठीक वाटणारा मॅप वर उघडा पडतो. आज चाकांपाशी १२१ आहे, मूळच्या फिल्टर बॉक्ससकट आणि नव्या कागदी फिल्टरसकट. ६० ते १०० ला ५.१ सेकंद. पेट्रोल कायम ९५ ऑक्टेनचं.

दोन वर्षं झाली, ३१ हजार किलोमीटर. विचारा काय विचारायचं ते.


नवी_स्विफ्ट_जुनी (बारामती)

दादा, फार उपयोगी लिहिलंत. माझी २०१२ ची स्विफ्ट पेट्रोल आहे, १.२ लिटर, टर्बो नाही. सेकंडहॅंड घेतली. दिवे घाटात चौथ्यात चढत नाही, तिसरा टाकावाच लागतो. एक जण ८,५०० रुपयांत इनटेक किट देतोय, म्हणतो दहा ते पंधरा हॉर्सपॉवर नक्की वाढते. घेऊ का? तुमच्या गाडीला टर्बो आहे, माझ्या गाडीला वेगळा फायदा होईल का?


इंद्रायणीकाठ (आळंदी)

मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. घाटवेडा, पाण्याच्या नळीचं मोजमाप मनापासून आवडलं. आमच्याकडेही तत्त्व हेच, फक्त सेन्सर महाग.

बारामतीकर, तुमच्या इंजिनचा हिशेब करू. ११९७ सीसी, चार स्ट्रोक. ६००० आरपीएमला ते मिनिटाला ३००० वेळा आपलं पोट भरतं. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ८५ टक्के धरा. सेकंदाला साधारण ५० लिटर हवा झाली, म्हणजे दोनशे लिटरचं पिंप चार सेकंदांत रिकामं. ऐकायला खूप वाटतं, पण कंपनीचा फिल्टर बॉक्स हीच हवा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. तुमच्या इंजिनची ताकद ८७ पीएस. अडथळा पूर्ण शून्य केला, जे शक्य नाही, तरी हातात दोन-अडीच टक्के येतील. म्हणजे दोन पीएस. पंधरा कुठून आणणार?

काही जण सांगतात की बंपरमागून नळी काढली की वेगाने हवा आपोआप आत कोंबली जाते. १०० किमी वेगाला हवेच्या धडकेचा दाब वातावरणाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. बाहेरची हवा थंड मिळते हा फायदा खरा, कोंबली जाते हा नाही. आणि बहुतेक गाड्यांचं मूळचं नाकाड रेडिएटरच्या वर, बोनेटच्या कडेशी, बाहेरची हवा घेईल असंच दिलेलं असतं. त्याला जोडलेले रिकामे डबे, ज्यांना लोक निरुपयोगी प्लास्टिक म्हणून काढून टाकतात, ते आवाज दाबतात, आणि काही इंजिनांत हवेच्या नाडीचा मेळ घालून खालच्या आरपीएमला टॉर्कही राखतात. ते काढले की वर अर्धा पीएस मिळतो आणि खाली जातो. घाटात तुम्हाला खालचाच लागतो.

आता टर्बो गाडीला नुसत्या इनटेकने काही का होत नाही ते सांगते, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. आजचा ईसीयू पेडलकडे टॉर्कची मागणी म्हणून बघतो. तुम्ही पाय दाबला की तो ठरवतो, इतका टॉर्क द्यायचाय, त्यासाठी इतकी हवा, त्यासाठी इतका बूस्ट. फिल्टर मोकळा केला तर टर्बोला तोच बूस्ट गाठायला थोडे कमी कष्ट पडतात, पण ठरलेला टॉर्क तेवढाच राहतो. मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून रीमॅपने घाटवेडा यांना पंचवीस हॉर्सपॉवर मिळाली आणि कोनने एकही नाही.

तयार फाइल उन्हाळ्यात का फसली त्याचंही उत्तर आकड्यात आहे. ३० अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबली तर आदर्श स्थितीतही ती ९६ अंशांवर जाते. खरा टर्बो ७० टक्के कार्यक्षम धरा, मग १२५. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, पण ट्रकच्या मागे रांगताना त्याच्यावर वाराच नसतो. वाढवलेला बूस्ट, तापलेली हवा, त्यात ९१ ऑक्टेनचं साधं पेट्रोल. नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारा खडखडाट, होणारच. नॉक सेन्सर इग्निशन मागे घेतो ते इंजिनवर उपकार म्हणून. रोजचं संरक्षण म्हणून त्याच्यावर मॅप सोडून द्यायचा नसतो.


उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

घाटवेडा भाऊ, निपल कुठला वापरला? आमच्याकडं शिवाजी उद्यमनगरात ब्रासचा करून मिळंल, ४ एमएमचा, आतून छेद साफ. पाहिजे त्याला करून देतो, फक्त नळीची जाडी सांगा. आणि एक, निपलचं तोंड आत जास्त सरकवू नका. आत टोक आलं की पळत्या हवेनं पाणी जादाच वर ओढतं आणि आकडा खोटा येतो. आतल्या अंगाला सपाट बसलं पाहिजे.


घाटवेडा (सातारा)

बरोबर बोललात भाऊ, माझा पहिला आकडा असाच चुकला होता, ४५ सेंमी दाखवत होता. नंतर सपाट केला. आणि ज्यांना करायचंय त्यांनी कृपा करून इंजिन आणि पाण्याच्या मध्ये एक रिकामी बाटली लावा, दोन छिद्रांचं बूच असलेली. अडथळा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला आणि पाणी ओढलं गेलं तर ते बाटलीत पडेल, टर्बोत नाही. वाचायला शेजारी दुसरा माणूस हवाच. चालवणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही.


मांडवीकिनारी (फोंडा)

माझं मत थोडं वेगळं, म्हणून लिहितो.

माझ्याकडे २००२ ची होंडा सिटी व्हीटेक आहे, १.५, वडिलांनी नवी घेतलेली. या इंजिनचा ४५०० च्या वरचा आवाज उघड्या इनटेकमधून ऐकणं हे माझ्यासाठी सुख आहे. एक सेकंदही कमी झाला नाही तरी चालेल. लोक घरात स्पीकरवर हजारो रुपये घालतात, मी इनटेकवर घातले. फक्त आवाजासाठी घेतोय हे मनाशी स्पष्ट असेल तर त्यात चूक काय?

पण माझी चूक सांगायलाच हवी. सुरुवातीला मी लांब नळीचा इनटेक बसवला होता, फिल्टर खाली बंपरच्या कोपऱ्यात, फॉगलॅम्पमागे. थंड हवा भरपूर. जुलैत एका संध्याकाळी फोंड्याहून घरी येताना रस्त्यावर गुडघ्याखाली पाणी होतं. समोरून बस आली, तिची लाट बंपरवर आदळली आणि इंजिन खट् करून थांबलं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. माझे दोन वाकले. जुनं इंजिन शोधून बसवण्यात चार महिने गेले. मूळचा बॉक्स असता तर नाकाड बोनेटच्या उंचीवर होतं, गाडी आरामात निघाली असती.

आता आखूड नळी आहे, फिल्टर वर आहे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी कंपनीचा बॉक्सच लावतो. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी खाली फिल्टर लावूच नये, कितीही थंड हवा मिळो.


कोळसापट्टा (चंद्रपूर)

पाण्याचं झालं, आता धुळीचं ऐका.

आमच्याकडे वणी-चंद्रपूर रस्त्यावर कोळशाचे ट्रक दिवसरात्र. मी इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, कामावरच्या डंपरांचे जातातच, त्यात एक बाटली माझी. ऑइलमधलं सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा फिल्टर ओलांडून आत गेलेली माती. कागदी फिल्टरवर १० हजार किलोमीटरनंतर माझ्या गाडीचं सिलिकॉन ९ पीपीएम यायचं. धुता येणारा सुती पॅनेल फिल्टर टाकल्यावर, तेवढ्याच किलोमीटरला, ३७. सोबत लोखंडही वाढलं. धूळ म्हणजे रिंगा आणि बोअरसाठी पॉलिश पेपरच.

सुती फिल्टर मुळात वाईट असं मी म्हणत नाही. तेलाचा थर नीट असेल तर तो धूळ धरतो. पण दर धुण्यानंतर तेल किती लावायचं हे हाताच्या अंदाजावर. कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर तेलाची वाफ पुढे. कागदी फिल्टरला हा अंदाजाचा भाग नाही, उलट थोडी धूळ बसली की तो अजून बारीक गाळतो. आमच्यासारख्या भागात माझ्याकडून कागदीच, दर साडेसात हजारांना.


नवी_स्विफ्ट_जुनी (बारामती)

जास्त तेल लागलं तर सेन्सर खराब होतो म्हणतात, ते खरं का ताई?


इंद्रायणीकाठ (आळंदी)

ज्या गाड्यांत हवा मोजायला एमएएफ सेन्सर असतो त्यांच्यात होऊ शकतं. बारीक तापलेली तार किंवा फिल्म असते. तिच्यावरून हवा गेली की ती थंड होते, आणि तिला ठरलेल्या तापमानाला ठेवायला किती करंट लागतो त्यावरून हवेचं वजन कळतं. तिच्यावर तेलाचा आणि धुळीचा लेप बसला की वाचन बिघडतं. जपून तेल लावणाऱ्यांना वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि ओतणाऱ्यांना पहिल्या महिन्यात होतं.

पण एमएएफच्या गाडीत याहून मोठा धोका पाइपच्या व्यासाचा आहे. सेन्सर हवेचा फक्त एक छोटा धागा मोजतो आणि नळीचं क्षेत्रफळ ठाऊक आहे असं धरून एकूण हवा काढतो. मूळची नळी ६० मिमीची आणि किटची ७० मिमीची असेल तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा आता हळू जाते, सेन्सरला ती कमी वाटते, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने तो चूक भरून काढायचा प्रयत्न करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की इंजिनचा दिवा लागतो आणि पी०१७१ कोड येतो, म्हणजे मिश्रण फार पातळ. पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, तेही वजनाने. पूर्ण रेसवर इंजिनला त्याहून जास्त पेट्रोल हवं असतं, आणि नेमकं तिथेच ते कमी मिळालं तर पिस्टन वितळतात.

किट लावलेल्या प्रत्येकाने साधं ओबीडी डोंगल घेऊन लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये सतत करत असलेली दुरुस्ती, बघावा. पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. दहाच्या वर गेला असेल तर किट काढा किंवा मॅप करून घ्या.

जाता जाता इथेनॉलचं. ई२० पेट्रोलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे आदर्श प्रमाण १३.५ च्या आसपास येतं, इंधन सुमारे ८ टक्के जास्त सोडावं लागतं. काही वर्षांपूर्वी वेगळ्या पेट्रोलवर मॅप केलेल्या जुन्या गाड्यांनी आज परत लॉग काढून घ्यावा. घाटवेडा, तुम्हालाही सांगतेय.


घाटवेडा (सातारा)

काढतो ताई, या रविवारीच.


सह्याद्री_डिझेल (संगमनेर)

डिझेलवाल्यांसाठी माझे दोन शब्द. १.३ मल्टिजेट, ७५ पीएसवाली स्विफ्ट डिझेल. मी रीमॅपच्या ऐवजी ट्यूनिंग बॉक्स लावला होता. हा बॉक्स रेलच्या (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) दाबाच्या सेन्सरमध्ये बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो की दाब कमी आहे. मग ईसीयू दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं. हवा तेवढीच, डिझेल जास्त, म्हणजे मागे काळा धूर. माझ्या मागून मोटारसायकलवर दोन लहान मुलं घेऊन एक बाई येत होत्या, त्यांनी पदर नाकाला लावलेला आरशात दिसला. त्या दिवशी घरी येऊन बॉक्स काढला, परत लावला नाही.

त्याआधी चंदनापुरी घाटात क्लच घसरायला लागलाच होता. आरपीएम चढतात, गाडी नाही. एक लाख दहा हजार चाललेला क्लच होता, मूळच्या १९० न्यूटन-मीटरला अजून वर्षभर पुरला असता. ताकद वाढवायच्या आधी क्लचसाठी पैसे बाजूला ठेवा. ईजीआर बंद करून देतो, डीपीएफ पोकळ करून देतो (दोन्ही प्रदूषण कमी करणारे भाग) म्हणणारा भेटला तर तिथून निघा.


कलम_बावन्न (ठाणे)

वकिलीच्या अनुभवातून, थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मूळच्या बॉक्समध्ये बसणारा फिल्टर बदलणं ही देखभाल. इंजिनची ताकद बदलणं हा वेगळा विषय. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेयरला दिसला तर दाव्यात वाद उभा राहतो. माझ्याकडे अशी प्रकरणं येतात, आणि नुकसान गाडीपेक्षा समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईचं असतं तेव्हा फार जड जातं. ज्यांना वेगच हवा आहे त्यांच्यासाठी परवानगीच्या स्पर्धा आहेत, ट्रॅक आहेत. तिथे जा.


घाटवेडा (सातारा)

वकीलसाहेब, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. मान्य आहे. रीमॅप करताना मला कायद्याची ही बाजू नीट ठाऊक नव्हती. मूळची फाइल माझ्याकडे जपून आहे. तुमच्याशी व्यक्तिगत निरोपात बोलतो.


सिएराचा_वारा (सॅक्रामेंटो)

इथली पद्धत सांगतो, कारण कॅलिफोर्नियात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवलाय. सुती फिल्टरची सगळ्यांना ठाऊक असलेली के अँड एन कंपनी इथल्याच रिव्हरसाइडमध्ये १९६९ मध्ये सुरू झालेली. पण इथे रस्त्यावरच्या गाडीला इनटेक लावायचा तर त्या किटला राज्याच्या हवा मंडळाचा, कार्बचा, मंजुरी क्रमांक हवा. तो क्रमांक ठराविक गाडी, ठराविक इंजिन, ठराविक वर्षासाठी असतो, आणि त्याचं स्टिकर बोनेटखाली चिकटवायचं. दोन वर्षांनी स्मॉग तपासणीला गेलो की तपासणारा आधी ते स्टिकर शोधतो. जुलै २०२१ पासून ईसीयूचं सॉफ्टवेअरही तपासतात. मंजुरी नसलेली फाइल निघाली की गाडी नापास.

माझ्या गाडीला मंजुरीचं किट आहे. बंद डबा, झाकण रबरी पट्टीने बोनेटला टेकतं, हवा फक्त बाहेरून. ट्रिम दोन टक्क्यांच्या आत. भारतात निदान असं एखादं प्रमाणपत्र असतं, पुण्यात एआरएआयसारखी वाहनं तपासणारी संस्था १९६६ पासून आहे, तर चांगलं किट आणि रस्त्यावरचा पत्रा यांतला फरक ग्राहकाला कळला असता, असं फार वाटतं.


इंद्रायणीकाठ (आळंदी)

मनातलं बोललात.

बारामतीकर, तुमचा मूळ प्रश्न राहिला. दिवे घाटात चौथ्यात न चढणारी स्विफ्ट ही आजारी स्विफ्ट आहे. किटच्या आधी चार गोष्टी बघा. फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडीवरची काजळी, आणि चाकं जॅकवर उचलून हाताने मोकळी फिरतात का. आणि नळी लावून मोजा.


नवी_स्विफ्ट_जुनी (बारामती)

सगळ्यांना नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहितोय, पण कामं करून लिहितोय.

कोल्हापूरच्या दादांनी निपल कुरिअरने पाठवला, पैसे घ्यायला तयार नव्हते. शेजारच्या साइटवरून लेव्हल पाइप आणला, मध्ये बाटली लावली, आणि धाकट्या भावाला शेजारी बसवून मोरगाव रस्त्यावर पहाटे मोजलं. ५८०० आरपीएमला ३६ सेंमी! बॉक्स उघडला तर फिल्टर आधीच्या मालकाच्या काळातला, हवा मारून मारून वापरलेला, घड्यांमध्ये उसाची वाळकी पाचट. नवा कागदी टाकला, ३८० रुपये. परत मोजलं, १५ सेंमी.

थ्रॉटल बॉडी साफ केली. प्लग बदलले. चाकं उचलल्यावर डावं मागचं चाक हाताने फिरेना, ब्रेकच्या ड्रममधला सिलिंडर चिकटला होता. तो बदलला.

काल सासवडहून दिवे घाट उतरलो, खालून गाडी वळवली आणि परत चढलो. चौथा गिअर पूर्ण घाटभर राहिला. भाऊ मागे बसला होता, दोघांचं सामान होतं. ट्रिम बघितला ताई, अडीच टक्के.

किटवाल्याला नाही म्हणून कळवलं. ८,५०० मधल्या उरलेल्या पैशांत पुढचे टायर घेतोय, जुने फार झिजलेत. लेव्हल पाइप माझ्याकडे आहे, निपलसकट. बारामती, फलटण, दौंड भागात कुणाला हवा असेल तर घेऊन जा.